प्रकाशाची मोजपट्टी



आपली मुले परप्रांतात बहुधा इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकतात. घरी आल्यावर त्या विषयावर आई-आजोबांशी बोलावयाचे झाले, तर त्यांच्यापाशी मराठी शब्द नसतात. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, या हेतूने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील एक प्रयोग आज मायबोलीत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

काचेच्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींवर ठेवाव्यात. एका टोकाशी त्या टेकलेल्या असाव्यात. दुसऱ्या टोकाशी त्यांच्यामध्ये डोक्याचा एक केस ठेवावा. म्हणजे दोहोंमध्ये हवेची एक पाचर तयार होते. तिच्यावर सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश सरळ वरून पाडून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची झालर दृष्टीस पडते.

हा काळोख येतो कोठून? काही प्रकाश वरच्या काचेच्या खालच्या पृष्ठावरून परततो. काही फट ओलांडून खालच्या काचेवरून परततो. या दुसऱ्यास फटीच्या दुप्पट अंतर अधिक चालावे लागते. परतलेल्या दोन तरंगांची शिखरावर शिखरे आली तर उजेड वाढतो. एकाच्या शिखरावर दुसऱ्याचा खळगा आला तर दोघेही मावळतात. प्रकाशात प्रकाश मिळवावा आणि बेरीज अंधार यावी, असा हा विलक्षण हिशेब आहे. त्यालाच व्यतिकरण म्हणतात.

सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५८९ मिलिमीटर आहे. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे सुमारे ०.०००२९५ मिलिमीटरने वाढते. टेकलेल्या कडेनंतर केसापर्यंत २०० काळे पट्टे भरले, तर केसाची जाडी ०.०५९ मिलिमीटर झाली. केसाला चिमट्यात न धरता ती मोजता आली!

कारखान्यात घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग याच रीतीने पारखतात. त्यावर अत्यंत सपाट अशी परीक्षक काच ठेवतात. पट्टे सरळ व समान अंतरावर उमटले, तर काम चोख. वाकले, तर तेथे उंचवटा किंवा खळगा आहे. हाताला निर्दोष वाटणाऱ्या कामातील दोष प्रकाश निमूटपणे दाखवून देतो.

या विद्येच्या इतिहासात एक बोध आहे. बहिर्वक्र भिंग सपाट काचेवर ठेवल्यावर दिसणारी रंगीत वलये न्यूटनने काटेकोरपणे मोजली व १७०४ साली आपल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात नोंदविली. प्रकाश कणांचा बनलेला आहे, अशी त्याची धारणा होती. सुमारे शतकानंतर, १८०१ साली, टॉमस यंगने त्या वलयांची उपपत्ती तरंगांच्या आधारे लावली. विशेष हे, की निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांबी काढताना त्याने न्यूटनचीच मापे घेतली. ज्या मापांनी न्यूटनची धारणा डळमळली, ती त्याने स्वतःच घेतलेली होती. प्रामाणिकपणे घेतलेले माप मतभेदांनंतरही उपयोगी पडते, ते असे.

तेव्हा पुढल्या वेळी मुले प्रयोगशाळेतून परतली, की त्यांना विचारावे, “आज किती पट्टे मोजलेस?” उत्तर मराठीत आले, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.