खांद्यावरचा तारा, वेळेवर



आजचा विषय आहे पोलिसांच्या बढत्या. तुम्ही म्हणाल, हे आपलं काय काम? पण आपल्या भागात नायगावची पोलीस वसाहत आहे, वरळीची आहे, ताडदेवची आहे. आज ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणी पोलिसाच्या घरातल्या आहेत, आणि काही जणी स्वतः पोलिसात आहेत. बाकीच्यांनाही हा विषय लांबचा नाही, ते कसं ते सांगते.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध 2012 साली कायदा झाला. त्याला आपण पोक्सो म्हणतो. त्याच्या 24 व्या कलमात लिहिलंय की लहान मुलाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा, आणि तिचा हुद्दा उपनिरीक्षकापेक्षा कमी नसावा. म्हणजे ठाण्यात महिला शिपाई कितीही असल्या, तरी त्या जबाबासाठी कायद्याला हवी आहे ती दोन तारे लावलेली बाई. ती त्या रात्री हजर असेल की नाही, हे बढत्या कशा होतात त्यावरही अवलंबून आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी हुद्दे समजून घेऊ. शिपाई म्हणून भरती झालेल्या मुलीच्या बाहीवर काही नसतं. हवालदार झाली की तीन फिती येतात. सहायक उपनिरीक्षकाच्या खांद्यावर एक तारा असतो आणि उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय, झाली की दोन तारे. गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडून देताना ज्यांनी प्राण दिले ते डी. बी. मार्ग ठाण्याचे तुकाराम ओंबळे सहायक उपनिरीक्षक होते. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक ही मंडळी सांगितलेलं काम करतात. उपनिरीक्षक दुसऱ्यांकडून काम करून घेतो, तपास स्वतःच्या सहीने पुढे नेतो. म्हणून खरी उडी तिथे आहे.

या उडीसाठी महाराष्ट्रात 1995 च्या नियमांनी तीन वाटा ठेवल्या. उपनिरीक्षकांच्या निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट भरायच्या. त्या वाटेने पदवी घेतलेली मुलं-मुली येतात. पाव जागा खात्यातल्याच लोकांसाठी असलेल्या स्पर्धा परीक्षेतून भरायच्या. तिला मर्यादित विभागीय परीक्षा म्हणतात. आणि उरलेल्या पाव जागा सेवाज्येष्ठतेने, पण आधी खात्याची अर्हता परीक्षा पास व्हायची.

एवढ्या वाटा कशाला, एकच का नाही? कारण प्रत्येक वाटेत काही चांगलं आहे आणि काही खोट आहे. ज्येष्ठतेत वशिला चालत नाही. जो आधी लागला तो आधी वर जाणार, यादी सगळ्यांसमोर असते. पण कामसू आणि कामचुकार यांना तिथे एकच माप. परीक्षेत हुशारी दिसते, तरुण माणसाला लवकर संधी मिळते. पण जमाव शांत कसा करावा आणि रडत आलेल्या बाईला खुर्ची कशी द्यावी, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. ते दिसायला हवं गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी लिहितात त्या सीआरमध्ये. पण तो लिहिणारा शेवटी एक माणूस असतो, आणि माणसाची मर्जी असते. म्हणून तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून ठेवायच्या, असा त्यामागचा हिशेब आहे. हिशेब चांगला आहे. तो कोलमडतो वेळेपाशी.

2013 साली खात्याची अर्हता परीक्षा झाली. ती पास झालेले कित्येक हवालदार दहा वर्षांनंतरही उपनिरीक्षक होण्याची वाट पाहत होते. आपल्याकडे शिपायाला 58 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. पंचेचाळिशीत परीक्षा पास झालेल्या माणसाला दहा वर्षं थांबवलं, तर दोन तारे लावून काम करायला त्याच्या हाती उरतं काय? विभागीय स्पर्धा परीक्षेचंही तेच. ती दरवर्षी नेमाने झाली असं नाही, आणि 2017 नंतर तर मोठा खंड पडला. त्यात वयाची अट आहे. परीक्षा न झालेल्या वर्षांत जिचं वय उलटलं, तिला कोणी नापास केलं नाही, आणि तरी तिची संधी गेली.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर 2018 चा. विभागीय परीक्षेतून निवडलेल्या उमेदवारांचं नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण झालं, दीक्षान्त संचलन झालं. घरचे लोक बघायला आले होते. आणि त्यातल्या मागासवर्गीय 154 जणांना सांगण्यात आलं की तुम्ही तुमच्या मूळ पदावर परत जा. बढतीतल्या आरक्षणाचा 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये रद्द केला होता, त्यानंतर प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे मॅटचा, आदेश आला होता. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो. या 154 जणांनी कोणता नियम मोडला होता? सरकारने जाहीर केलेल्या नियमाने ते परीक्षेला बसले होते. नियमाचा वाद परीक्षेआधी मिटवायचा असतो. संचलन झाल्यावर शिपायाचा गणवेश पुन्हा चढवायला लावणं, ही शिक्षा झाली, आणि ती निरपराध माणसांना झाली.

2022 साली सरकारने शिपायांच्या बाजूने एक पाऊल उचललं. पोलीस नाईक हा मधला हुद्दा काढून टाकला, हवालदारांच्या आणि सहायक उपनिरीक्षकांच्या जागा वाढवल्या. तीस वर्षं सेवा झालेल्यांना काही अटींवर श्रेणी उपनिरीक्षक करण्याची सोय केली. शिपाई म्हणून लागलेला माणूस निदान उपनिरीक्षक म्हणून निवृत्त व्हावा, हा हेतू. त्याआधी आश्वासित प्रगती योजना होतीच. तिच्यात ठरावीक वर्षांनी पगाराची श्रेणी वाढते, पण हुद्दा तोच राहतो. पोलिसाच्या घरात याचा फरक फार कळतो. पगाराने फ्रिज येतो. पण मुलीच्या लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे काय छापायचं, ते हुद्दा ठरवतो.

आता मर्जीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग यांच्या खटल्यात 22 सप्टेंबर 2006 ला सांगितलं की उपअधीक्षक आणि त्याखालच्या पोलिसांच्या बदल्या, नेमणुका, बढत्या एका मंडळाने ठरवाव्यात, कोणा एकाच्या इच्छेवर त्या राहू नयेत. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशी आस्थापना मंडळं कायद्यात आणली.

त्याच 2014 सालचा आणखी एक निकाल आपल्या मुंबईच्या गोष्टीतून आला आहे. नव्वदच्या दशकात इथे पोलीस चकमकी किती झाल्या, ते तुम्हाला आठवत असेल. त्यावर पीयूसीएल या संस्थेने खटला केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले, आणि त्यातला एक असा: चकमकीनंतर लगेच कोणाला पाळी सोडून बढती द्यायची नाही, शौर्याचं बक्षीसही द्यायचं नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झालं तरच द्यायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. ज्या कामाला बढती लावाल, ते काम वाढेल. गोळी झाडल्याने तारा मिळतो असं दिसलं, तर चार महिने चिकाटीने पुरावा गोळा करणारा हवालदार काय शिकेल?

गोपनीय अहवालाबद्दल एक निकाल प्रत्येकीने लक्षात ठेवावा. देव दत्त नावाचे सीमा रस्ते खात्यातले अभियंता होते. बढतीसाठी पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ शेरा लागायचा. त्यांना एका वर्षी नुसता ‘चांगला’ मिळाला आणि ते त्यांना कळवलंच नाही. कारण शेरा वाईट नव्हता ना! त्या एका शब्दापायी बढती हुकली. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. हा निकाल लागला तेव्हा देव दत्त निवृत्त झाले होते.

आता आपल्या बायकांकडे वळते. कागदावर बाई आणि पुरुष यांना नियम एकच आहे. परीक्षा तीच, गुण तेच. पण विचार करा, ड्यूटी बारा तासांची. दादर चौपाटीचा 6 डिसेंबरचा बंदोबस्त किंवा लालबागचा गणपती आला की बारालाही हिशेब नाही. घरी आल्यावर पुरुष हवालदार पुस्तक उघडतो. बाई आधी कुकर लावते. परीक्षेची जी वर्षं, तीच लग्नाची आणि बाळंतपणाची वर्षं. आणि उपनिरीक्षकांची यादी राज्याची असते, त्यामुळे बढतीबरोबर मुंबई सुटू शकते. मग मुलाची दहावी आहे, सासूबाई आजारी आहेत, म्हणून बाई बढती नाकारते. कागदावर नोंद होते की तिने स्वतःहून नाकारली.

अशा वरून सारख्या दिसणाऱ्या नियमाबद्दल न्यायालय बोललेलं आहे. मार्च 2021 मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला सुनावलं. महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणूक मिळणारच नव्हती, म्हणून त्यांचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षे निष्काळजीपणे लिहिले गेले, आणि नंतर तेच अहवाल त्यांच्या निवडीसाठी मोजले गेले. याला न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. पोलिसातल्या बाईला वर्षानुवर्षं टपाल, संगणक आणि महिला आरोपीला कोर्टात नेणं एवढंच काम दिलं, आणि मग ‘तपासाचा अनुभव नाही’ असा शेरा दिला, तर ते याहून वेगळं काय?

उपाय आहेत. 2016 साली आपल्याच मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, आणि ती कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती. 2021 मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्यूटी प्रायोगिक म्हणून सुरू करायला सांगितलं. आठ तास म्हणजे अभ्यासाचे चार तास हाती येणं. बढतीच्या न्यायाची सुरुवात मला तिथे दिसते. 1994 च्या महिला धोरणाने मुलींसाठी भरतीचं दार रुंद केलं. जानेवारी 2024 मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. पण त्या आयपीएसच्या वाटेने वर गेल्या. शिपाई म्हणून आत आलेल्या बाईचा जिना वेगळा आहे, आणि त्याच्या मधल्या पायऱ्या अजून अरुंद आहेत.

आता कामाच्या चार गोष्टी, ज्यांच्या घरात पोलीस आहे त्यांच्यासाठी. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली, सेवाज्येष्ठतेची यादी. ती 1 जानेवारीच्या स्थितीवर निघते. आधी तात्पुरती येते, हरकती मागवतात, मग अंतिम होते. नाव, भरतीची तारीख, प्रवर्ग तात्पुरत्या यादीतच तपासा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. जुनी झालेली यादी न्यायालय सहसा उलटवत नाही.

दुसरी, दर वर्षीचा गोपनीय अहवाल मागून घ्या आणि घरी एका फाइलीत लावून ठेवा. शेरा पटला नाही तर मुदतीत लेखी म्हणणं मांडा.

तिसरी, विभागीय चौकशी. नुसती तक्रार आली, प्राथमिक चौकशी चालू आहे, एवढ्यावर बढतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात घालून ठेवता येत नाही. जानकीरामन खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कर्मचाऱ्याला दोषारोपपत्र दिलेलं असलं, किंवा फौजदारी खटल्यात आरोपपत्र दाखल झालेलं असलं, तरच ते करता येतं.

चौथी, मॅट. अंतिम आदेश आल्यापासून एका वर्षात तिथे जावं लागतं. अर्ज दिला आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबून पुढचं एक वर्ष मिळतं. ‘साहेब बघतो म्हणालेत’ यात ते वर्ष घालवू नका.

आणि ज्यांच्या घरात पोलीस नाही, त्यांनीही एक करावं. आपल्या ठाण्याची महिला दक्षता समिती असते. तुमच्यापैकी कोणी तिच्यावर असेल, तर पुढच्या बैठकीत साधा प्रश्न विचारा: आपल्या ठाण्यात महिला उपनिरीक्षक किती आहेत, आणि रात्रपाळीला त्यांच्यापैकी कोण असते? उत्तर वहीत लिहून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. आकडा वाढला नसेल तर का वाढला नाही, तेही विचारा.

पोलिसाला बढती वेळेवर मिळाली म्हणजे त्याच्यावर उपकार झाले असं नव्हे. ज्या दिवशी आपल्यावर ठाण्याची पायरी चढायची वेळ येते, त्या दिवशी समोरच्या खुर्चीत अनुभवाने आणि अभ्यासाने तिथे पोचलेलं माणूस असावं, एवढंच आपण मागतोय. तुमचे प्रश्न पत्राने जरूर कळवा. पुढच्या भाषणात त्यांची उत्तरं देईन.

नमस्कार.