रेशनचं गणित

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. अधूनमधून रजा काढून सातवीच्या वर्गात मागे बसतो, गणित कसं शिकवतात ते टिपतो. एका वर्गात आम्ही आंबे-पेढ्यांची उदाहरणं सोडून रेशनकार्ड घेतलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य. सहा माणसं, 30 किलो.

एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे 25च येतं.’’ पाहिलं, तर धाकट्या भावाचं नाव कार्डावर चढलंच नव्हतं. म्हणजे वर्षाला 60 किलोंचा तोटा! पुढच्या आठवड्यात तिची अम्मी अर्ज घेऊन तहसील कार्यालयात गेली.

ही मुलगी गणितात ‘कच्ची’ समजली जायची. हक्काचा हिशेब मांडणं हेही नागरिकशास्त्रच. जवळच्या शाळेत असा एक तास मागून घ्या.