सातपुड्यातली एक इंग्रजी गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मभर इंग्रजी शिकवलं म्हणून संयोजकांनी मला विषय दिला: युरोपच्या साम्राज्यांची नैतिक किंमत जुन्या कथा-कादंबऱ्यांतून कशी दिसते. या विषयावर बोलणारा माणूस सहसा थेट आफ्रिकेला जातो. मीही वर्गात तेच करायचो. जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये काँगोत गेला, बेल्जियमच्या राजाने तिथे मांडलेली लूट त्याने पाहिली आणि पुढे ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ लिहिली. त्यातला कुर्ट्झ मागासांना सुधारण्यावर एक सुंदर अहवाल लिहितो आणि शेवटी तळाशी खरडतो, की या सगळ्यांना मारून टाका. हे शिकवताना वर्ग शांत व्हायचा. काँगो लांब आहे ना, त्यामुळे सोपं जातं.

आज घराजवळची गोष्ट सांगतो. ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड किपलिंग आपल्याला माहीत आहे. त्याच्या १८९८ च्या ‘द डेज वर्क’ या संग्रहात ‘द टूम ऑफ हिज अँसेस्टर्स’ नावाची दीर्घकथा आहे. ती घडते आपल्या सातपुड्यात, भिल्लांमध्ये. जॉन चिन नावाचा तरुण अधिकारी भिल्लांच्या पलटणीत येतो. त्याच्या आजोबांनी पूर्वी भिल्लांना ‘माणसाळवलेलं’ असतं. नातवाच्या अंगावर तसाच जन्मखूण असलेला डाग दिसतो, आणि लोक ठरवतात की जुना साहेबच परत आला. पुढे सरकार देवी टोचायला माणूस पाठवतं. भिल्ल बिथरतात, त्या टोचणाऱ्याला बांधून ठेवतात. चिन डोंगरात जातो, मीच तो जुना साहेब असं त्यांना मानू देतो, आणि सगळे निमूट दंड पुढे करतात. शेवटी लोकांची भीती जावी म्हणून त्याला एक वाघही मारावा लागतो.

गोष्ट झकास रंगलेली आहे. किपलिंगला भिल्ल आवडतात हेही कबूल केलं पाहिजे, आणि देवी टोचणं हे चांगलंच काम होतं. भिल्ल त्या कथेत बोलतातही पुष्कळ. फक्त बोलून ते दोनच गोष्टी करतात: भितात आणि साहेबावर विश्वास ठेवतात. इतकं चांगलं काम, तेसुद्धा थापेवर उभं करावं लागतं. कारण समोरच्याला मोठं माणूस समजून काही समजावून सांगायची सोयच त्या राज्यात उरलेली नाही. किपलिंगला हे सांगायचं नव्हतं, पण त्याच्याकडून ते सांगितलं गेलं. वाघाच्या प्रसंगाशेजारी जॉर्ज ऑर्वेलचा १९३६ चा ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ ठेवून वाचा. ब्रह्मदेशातला पोलीस अधिकारी, शांत झालेला हत्ती, मागे जमलेली गर्दी. आपलं हसू होऊ नये एवढ्यासाठी तो गोळी घालतो. किपलिंगकडे जो विजय आहे, त्याचीच ऑर्वेलकडे शरम झाली आहे.

चिनचे आजोबा वाचताना आपल्याकडच्या माणसाला जेम्स औट्रम आठवतोच. १८२५ मध्ये औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. आपण धरणगावला किती वेळा गेलो, पण हे शाळेत असताना कुणाला ठाऊक होतं? आणि कथेत जे अजिबात नाही ते असं: सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांचाच चाकर होता. तो १८५७ मध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली आणि पकडलेल्या अनेक भिल्लांना जागीच लष्करी न्याय करून गोळ्या घातल्या. चाळीस वर्षांनी लिहिलेल्या कथेत त्या डोंगरातली माणसं सरकारला घाबरतात ती फक्त अंधश्रद्धेने!

आता तो टोचणारा. सरकारी शाळेत शिकलेला, आपल्यासारखाच देशी माणूस. तो बांधलेला दिसला की वाचणारा हसतो. मीही हसलो होतो. मग आपला सातवीचा वर्ग आठवला. शाळेत देवी काढायला आले होते. तो वण अजून सगळ्यांच्या दंडावर असेल. वसतिगृहातला आपला एक पावरा मित्र खिडकीतून उडी मारून पळाला. वर्षभर आपण त्याला ‘सुई’ म्हणत होतो. नाव ठेवण्यात मीच पुढे होतो.

मागच्या महिन्यात मेळाव्याचं आमंत्रण द्यायला त्याच्या घरी गेलो. शिरपूरच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. चहा पिताना विचारलं, तेव्हा सुईला इतका का घाबरलास? तो म्हणाला, “सुई पाहिलीच नव्हती रे. आलेल्या माणसाचे खाकी कपडे पाहिले. आमच्या पाड्यात खाकी कपडे आले की कुणाला तरी धरून न्यायचे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बापाला नेलं होतं, लाकूड तोडलं म्हणून.”

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव केलं. इंग्रज गेले तरी कायद्याचा तो हात पाड्यावर होताच. पन्नास वर्षं हे मी त्याला विचारलं नव्हतं. इंग्रजी शिकवत होतो, कॉनरॅड शिकवत होतो.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. आंबापाणीच्या लढाईचं त्याच्या आजीकडून ऐकलेलं त्याच्याजवळ बरंच आहे, ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. माझी चार मिनिटं उरली आहेत. ती मी त्याला देतो. ये रे वर, माईक इकडे आहे.