मणक्याची दुखापत आणि एक इंजेक्शन

आंबे उतरवताना फांदी मोडते आणि गडी पाठीवर आपटतो. चौघे धावतात, हातपाय धरून त्याला उचलतात. तो म्हणतो, "पाय हायेत का नाहीत, कळंना." मग इस्पितळात घरची माणसे काकुळतीला येतात, "डॉक्टरसाहेब, पैशाचं बघू, पण ते भारी इंजेक्शन द्या." त्या इंजेक्शनाविषयी आज बोलू.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांना पोचवणारी ही दोरी. तिला मार बसला की काही नुकसान त्याच क्षणी होते. पुढे काही तास सूज येते, रक्तपुरवठा घटतो आणि इजा वाढत जाते. स्टिरॉइडने ही वाढ थांबेल, असा तज्ज्ञांचा कयास होता.

१९९० साली अमेरिकेत मेथिलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्या रोग्यांचा हिशेब एकत्र धरला तर विशेष फायदा दिसत नव्हता. ज्यांना आठ तासांच्या आत औषध मिळाले, त्यांच्यात मात्र थोडी सुधारणा आढळली. तेवढ्या आधारावर ते जगभर दिले जाऊ लागले. पुढे अनेकांनी शंका काढली, की असा निवडक हिशेब कितपत पक्का? शिवाय जंतुसंसर्ग आणि पोटातील रक्तस्राव हे धोके होतेच. २०१३ साली अमेरिकेतील मेंदू-मज्जा शल्यविशारदांनी हे औषध देण्याची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. २०१७ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने म्हटले, की आठ तासांच्या आत, चोवीस तासांपुरते देण्याचा विचार करावा, त्यानंतर नको.

तेव्हा डॉक्टरांनी ते दिले नाही, तर हयगय झाली असे समजू नका. इंजेक्शनापायी गोठ्यातली गाय विकायची पाळी आणू नका.

आपल्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे. पडलेल्याला बसवू नका, ओढू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तोवर डोके, मान आणि धड एका रेषेत स्थिर धरा. हलवणे भागच पडले, तर चार-पाच जणांनी एकदम, अंग न वाकवता सपाट फळीवर घ्यावे. शिक्षकबंधुभगिनींनो, हे वर्गात एकदा करून दाखवा. वेळेला गावात हीच मुले पहिल्याने धावतात.