दारे-खिडक्या आणि लाकडाचा स्वभाव

इमारतीतील सुतारकामाचे दोन भाग पडतात. तुळया, वासे, कैच्या ही भार पेलणारी कामे पहिल्या भागात येतात. तेथे बळकटी मुख्य. चौकटी, दारे व खिडक्या दुसऱ्या भागात मोडतात. तेथे बळकटीइतकीच मापाची अचूकता लागते. या दुसऱ्या कामाची खरी परीक्षा रायपूरसारख्या शहरात होते.

रायपूरला मे महिन्यात पारा 40 अंश सेल्सियसच्या वर जातो आणि हवा कोरडी होते. पावसाळा लागला की तीच हवा दमट होते. लाकूड कोरड्या हवेत ओलावा सोडून आकसते, दमट हवेत तो शोषून फुगते. ही हालचाल तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते. रुंदीच्या दिशेने मात्र एखादी रुंद फळी काही मिलिमीटर कमीजास्त होते.

म्हणूनच उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करून तिच्यात मधली फळी बसविण्याची रीत रूढ झाली. या पट्ट्या कूस व खाच यांनी सांधतात. कूस म्हणजे एका पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ. ती दुसरीच्या खाचेत घट्ट बसते. तिची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश असावी. ती जाड झाली तर खाचेच्या कडा दुबळ्या होतात. पातळ झाली तर कूसच मोडते. मधली फळी मात्र खोबणीत मोकळी राहिली पाहिजे. तिला खिळे मारले किंवा सरस लावला, तर आकसताना सरकण्यास वाव न मिळून ती तडकते.

छत्तीसगडच्या जंगलांतील साल वृक्षाचे लाकूड जड व कठीण असते. तुळयांना आणि चौकटींना ते उत्तम. परंतु ते सावकाश वाळते व वाळताना चिरते. सागवान कमी हलते, म्हणून दाराच्या फळ्यांना ते अधिक योग्य. दोन्ही लाकडे थरांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत थप्पी रचून, पुरती वाळल्यावरच वापरावीत.

पावसाळ्यात दार अडकू लागले की घरमालक घाईने त्याची कड रंध्याने तासून घेतो. उन्हाळ्यात तेथेच फट पडते, आणि तासलेले लाकूड परत येत नाही. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झाले आहेत काय, ते पाहावे. पावसाळा सरू द्यावा. मग कोरड्या हवेत दाराच्या वरच्या व खालच्या कडांनाही रंग द्यावा. नजरेआड असलेल्या याच कडांतून ओलावा सर्वांत लवकर आत शिरतो.