कागद कोणीं लिहिला?

(गांवच्या चावडीपुढें केलेलें भाषण)



लिहिलेलें असेल तें खरेंच, अशी आपली जुनी समजूत. ती आपल्या वाडवडिलांना किती महाग पडली, तें सांगतों.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनीं वह्या व खतें जाळलीं. राग कागदांवर कां? कारण खत लिहिणार सावकार, हिशेब ठेवणार सावकार. कुणब्यानें नुसता आंगठा उठवावयाचा. फेडीची पावती नाहीं. व्याज मुद्दलांत मिळवून पुन्हां नवें खत. कोर्टांत मात्र तोच एकतर्फी कागद पुरावा!

सरकारनें कमिशन नेमलें. त्यानें दोष सावकारांवर ठेवला; सरकारी सारा हें दंग्याचें कारण नव्हे, असें ठरविलें. पण १८६७ पासून कांहीं तालुक्यांत सारा दीडपट-दुप्पट झाला होता. अमेरिकेंतील लढाई १८६५ त संपून कापसाचा भावही उतरला होता. आतां विचारा : सारा घेणार कोण? सरकार. चौकशी करणार कोण? सरकारच!

म्हणून तो रिपोर्ट फेकून द्यावा काय? नाहीं. त्यांतील जबान्या व आंकडे कामाचे आहेत. मात्र ज्या वाक्यानें लिहिणाराच दोषांतून सुटतो, तें वाक्य दुसऱ्या कागदाशीं ताडून घ्यावें.

१८७९ च्या कायद्यानें कोर्टांना हेंच सांगितलें : नुसत्या खतावर थांबूं नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. इतिहासालाही हाच न्याय लावा.

आणि बंधूंनो, आपल्या बाजूचा कागद याला अपवाद नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याची बाजू मांडली. तें पुस्तक आपलें म्हणून डोळे मिटून मान डोलवूं नका. तेंही ताडून पाहा. खरें नाणें वाजवून घेतल्यानें खोटें होत नाहीं.

तेव्हां चार प्रश्न ध्यानांत ठेवा. कागद कोणीं लिहिला? केव्हां लिहिला? त्यांत लाभ कोणाचा? आणि दुसऱ्या बाजूस कोणीं विचारलें काय?

घरीं जाऊन पेटींतला एखादा जुना कागद काढा, मुलीकडून मोठ्यानें वाचवून घ्या, आणि हे चार प्रश्न तिलाच विचारूं द्या.