वाळवंटातले बिऱ्हाड
(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी अंधेरी येथे केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या विद्वान पाहुण्या बोलावतो. यंदा मंडळातल्याच एकीने आपला अनुभव सांगावा असे ठरले आणि ते काम मजकडे आले. मी व्याख्याती नव्हे. मला जे सांगावयाचे आहे ते जागा शोधताना पायपीट करून शिकलेले आहे, आणि ती पायपीट मी केली दुबईत. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलेबाळे आखातात आहेत, आणखी जातील. म्हणून हा विषय निवडला.

घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. मी म्हणते, बिऱ्हाड पाहावे शोधून, आणि तेही परमुलखात!

२०१६ साली माझी लेक आणि जावई दुबईला गेले. दोघांनाही आपापल्या कंपनीचा व्हिसा होता. जागा मिळाली ती करामा भागात. एका फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडे आणि मध्ये फळ्यांचे आडोसे. याला तिकडे 'पार्टिशन' म्हणतात. त्याहून स्वस्त हवे असेल तर 'बेडस्पेस', म्हणजे नुसत्या पलंगाचे भाडे! ज्या गृहस्थाने ही जागा दिली तो स्वतःच भाडेकरू होता. आपल्याच देशातला, बोलायला गोड. भाडे रोख घेई. कागद मागितला की म्हणे, "ताई, कागद कशाला? आपण आपली माणसे."

२०१८ च्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी मी गेले. तिला आठवा महिना लागलेला. एके संध्याकाळी मूळ मालकाचा माणूस दारात येऊन उभा राहिला. पोटभाडेकरू ठेवल्याचे मालकाला कळले होते. आठ दिवसांत जागा मोकळी करा, असे सांगून तो गेला. तिथला भाडेकायदा २००७ सालचा. मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवता येत नाही, ठेवला तर दोघांनाही निघावे लागते. पोटभाडेकरूला त्या भाडेकरूकडून भरपाई मागता येते खरी, पण मागायची कशी? गृहस्थ फोनच उचलीना. अनामत रक्कम बुडाली ती बुडालीच.

पैशांपेक्षा मोठी काळजी निराळीच होती. तिथे जन्मलेल्या बाळाचा राहण्याचा व्हिसा १२० दिवसांच्या आत करून घ्यावा लागतो, नाहीतर दर दिवसाला दंड. त्यासाठी बापाच्या नावावर नोंदलेला भाडेकरार लागतो. आमच्याकडे कसला करार अन् कसले काय! दोन वर्षे भाडे भरले, पण त्या शहराच्या दप्तरी आमचे घरच नव्हते.

मग शोध सुरू झाला. शारजात भाडे पुष्कळच कमी. पण सकाळी शारजाहून दुबईकडे येणारा रस्ता पाहिलात म्हणजे आपल्या पश्चिम द्रुतगती मार्गाबद्दल तक्रार करणार नाही. इंटरनॅशनल सिटी नावाची वसाहतही स्वस्त, पण तिथवर मेट्रो पोहोचलेली नव्हती, आणि आमच्याकडे मोटार नव्हती. शेवटी जाहिरातीतला आकडा बघायचा नाही, असे आम्ही ठरवले. मी कॅलेंडरचे जुने पान घेतले आणि त्याच्या पाठीवर प्रत्येक जागेचा सगळा हिशेब मांडू लागले.

तो हिशेब असा. समजा, वर्षाचे भाडे ४०,००० दिरहॅम आहे. तिथे भाडे बहुधा महिन्याला नव्हे, तर वर्षाचे बोलतात, आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून घेतात. कुठे एक, कुठे चार, कुठे सहा. चार चेक असतील तर पहिला १०,००० चा. सामानसुमान नसलेल्या जागेची अनामत साधारण पाच टक्के, म्हणजे २,०००. दलाली बहुधा पाच टक्के, म्हणजे आणखी २,०००. वीज-पाण्याच्या खात्याला तिकडे 'दिवा' म्हणतात. नाव मला फार आवडले, पण फ्लॅटसाठी त्याचीही अनामत २,०००! म्हणजे किल्ली हाती येण्यापूर्वीच १६,००० दिरहॅम हवेत. नोंदणीची फी निराळी. शिवाय भाड्याच्या पाच टक्के घरपट्टीसारखा आकार बाराने भागून दर महिन्याच्या 'दिवा'च्या बिलात येतो. चेकबाबत पूर्वी फारच धास्ती असे. पैसे नसल्याने चेक परत गेला तर तुरुंगाची पाळी. २०२२ पासून ती शिक्षा उठली, पण चेकच्या आधारे थेट वसुलीचा हुकूम मिळवता येतो. तेव्हा चेक लिहिताना हात आखडूनच लिहावा.

आणखी एक प्रश्न वाळवंटातला. आपण जागा पाहायला गेलो की आधी विचारतो, पाणी किती वेळ येते? तिथे समुद्राचे पाणी गोडे करून नळाला चोवीस तास देतात. तिथे विचारायचे ते गारव्याचे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, यंत्राच्या गारव्यावाचून घरात बसवत नाही. काही इमारतींत हा खर्च मालक सोसतो, त्याला 'चिलर फ्री' म्हणतात. काहींत गारव्याचे बिल निराळे येते. भाड्याने स्वस्त दिसलेल्या दोन जागा या एका प्रश्नाने आमच्या यादीतून गेल्या.

अखेर कुसैस भागात, हिरव्या मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल अशी, स्वयंपाकाचा ओटा एका कोपऱ्यात असलेली एक खोली मिळाली. करामाच्या आडोशापेक्षा भाडे जास्त, पण करार जावईबापूंच्या नावाचा. तिथे २०१० पासून करारांची सरकारी नोंदणी होते, तिला 'इजारी' म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतला 'इजारा' तो हाच शब्द! तो नोंदणीचा कागद हाती आला त्या रात्री लेक कितीतरी दिवसांनी शांत झोपली. पुढे मुलगी झाली, आणि तिचा व्हिसा मुदतीत झाला.

त्या कागदामुळे आणखीही आधार मिळतो. करार संपताना भाडे वाढवायचे तर मालकाने ९० दिवस आधी कळवावे लागते. वाढ किती, हेही २०१३ च्या हुकमाने बांधलेले आहे: तशाच जागांच्या सरासरी भाड्याहून आपले भाडे दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ नाही, फारच कमी असेल तरी २० टक्क्यांपलीकडे नाही. स्वतःला राहायला किंवा विकायला जागा हवी असेल तर मालकाने रीतसर १२ महिन्यांची नोटीस द्यावयाची. आडोशात राहणाऱ्याला यातले काही नाही. २०२५ च्या जूनमध्ये तर तिथल्या नगरपालिकेने बेकायदा आडोशांविरुद्ध मोहीमच काढली.

आता जे सांगते ते सांगायला मला थोडा संकोच वाटतो. दुबईत मी त्या गृहस्थाला पोटभर नावे ठेवली. अंधेरीला परत आले, तो आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या खोलीत राहणारी मुलगी भेटायला आली. सासूबाईंच्या पश्चात ती खोली मी विमानतळावर नोकरी करणाऱ्या दोन मुलींना दिली होती. भाडे रोख, सारे तोंडी. ती म्हणाली, "काकू, पासपोर्टसाठी पत्त्याचा कागद हवा होता, मागे मी विचारले होते." आणि मला माझेच उत्तर आठवले: "कागद कशाला ग? मी काय तुम्हाला घालवते आहे?"

भगिनींनो, मी खाली मान घातली. त्या गृहस्थाच्या आणि माझ्या बोलण्यात काय फरक होता?

आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि पागडीची चाल वाढली. त्या भीतीने आपण मालक मंडळी कागदाला बिचकतो. पण ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे कागद मालकालाही राखतोच.

पंधरा दिवसांत मी करार नोंदवला. त्या मुलीला पासपोर्ट मिळाला, तेव्हा ती पेढे घेऊन आली. ते घेताना मला माझी लेक आठवली.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. मुले परमुलखात जातील तेव्हा त्यांना लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एक वाक्य बांधून द्या: जागा लहान चालेल, पण कागद आपल्या नावाचा हवा. आणि आपल्या जागेत कोणाची लेक राहत असेल, तर तिने मागण्याआधी तिचा कागद तिच्या हाती द्या.